गिलाव्याखालचे टाचे

मित्रांनो, इमामसाब मिस्त्रींच्या पिशवीतली मी जुनी छन्नी. माझा जन्म टेंभुर्णीच्या हायवेवरचा! एका मालट्रकच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा मोडला, तिथल्या लोहाराने त्याचा तुकडा भट्टीत लाल केला आणि ठोकून ठोकून मला घडवलं. म्हणूनच मी अशी चिवट आहे, आणि जराशी तोंडाळही.

गुळगुळीत भिंत गिलावा धरत नाही. आधी तिला माझ्या धारेने खाचा पाडाव्या लागतात, त्यांना टाचे म्हणतात. तीस वर्षं मी सोलापूरभर टाचे मारले. लोक वरचा गिलावा बघून "वा!" म्हणायचे, माझं नाव कुणी काढत नसे. मिस्त्रींना मात्र माझी किंमत ठाऊक होती.

पण एकदा त्यांनी घाई केली. बार्शीच्या एका वाचनालयाची पश्चिमेची भिंत. खाली काळा दगड, वर वीट, आणि सगळ्यावर ऑइलपेंट. उद्घाटन तोंडावर आलेलं. "सिमेंट जास्ती घालतो, धरतंय की," म्हणाले आणि मला पिशवीतून काढलंच नाही. कसलं धरतंय! सहा महिन्यांत अख्खा गिलावा सुटून खाली आला. चारचौघांत नाचक्की झाली. मिस्त्रींनी कामच सोडलं, आणि मी चार वर्षं गंजत पडले. लई वाईट वाटलं हो.

मग त्यांच्याच हाताखाली शिकलेली त्यांची लेक जुलेखा तीच भिंत मागायला ठेकेदार महिपतीअण्णांकडे गेली.

"बापाला न्हाय जमलं, ते तुला जमंल व्हय?" अण्णा म्हणाले.

"जमंल की. घाई तेवढी करणार न्हाय."

"बरं. एक पावसाळा, एक उन्हाळा बघतो. टिकली तर नव्या शाळेचं काम तुझं. पडली, तर परत माझ्या दारात यायचं न्हाय."

तिने माझा गंज घासला, धार लावून आणली. मग आठ दिवस मी आणि हातोडी! रंग खरवडला, सांधे उकरले, दोन-दोन बोटांवर टाचे मारले. दगड-विटांच्या जोडावर तिने जाळी ठोकली. संध्याकाळी भिंतीला पोटभर पाणी पाजलं, सकाळी ते मुरल्यावर सिमेंट-वाळूचा खरबरीत थर मारला, आणि तो पक्का झाल्यावरच गिलावा केला. "अजून उकरतीच हाईस?" असं अण्णा रोज टोचायचे. पोरगी पुढचा टाचा मारायची.

पावसाळा गेला. रणरणता उन्हाळाही गेला. भिंत तपासायला अण्णांनी मुद्दाम इमामसाबनाच बोलावलं. माझ्या बुडाने भिंत ठोकत, कान लावत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आत पोकळ असेल तर भद्द वाजतं. माझा तर जीव टांगणीला! पण शेवटच्या कोपऱ्यापर्यंत एकच आवाज आला. ठण! ठण! ठण!

"अण्णा, माझी चूक माझ्या लेकीनं खरवडून काढली," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग दोन्ही हातांनी मला पुढे करत ते लेकीला म्हणाले, "घ्या, जुलेखा मिस्त्री. आता ही छन्नी तुमची."

मित्रांनो, कोणतंही काम करा, आधी खालचं खरवडून साफ करा. घाईने झाकलेलं कधी ना कधी उघडं पडतंच. आणि हो, काम झालं की हत्यार पुसून तेलाचा हात फिरवत जा, एवढंच माझं मागणं.

बास आता! शाळेची भिंत वाट बघतेय, आणि पिशवीत मिस्त्रीबाईंचा हात आलासुद्धा.