छत्रीच्या मागे कुणीच नव्हतं

मी एक जुनी, पिवळीधम्मक छत्री आहे. मित्रांनो, हसू नका! छत्री म्हटलं की तुम्हाला पाऊस आठवतो. मी मात्र पावसात फारशी भिजलेच नाही. माझं आयुष्य गेलं ते रणरणत्या उन्हात आणि गर्दीत, तेही मिटलेल्या अवस्थेत, झेंड्यासारखं उंच!

एका कोंदट कारखान्यात माझा जन्म झाला. शिवणाऱ्या बाईंनी काड्यांवर कापड ताणून बसवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही बया मैलावरून दिसेल गं!" बाबांनी मला घेतलं तेही त्याच गुणासाठी. सहलीला गेलं की बाबा मला डोक्यावर धरून पुढे चालायचे आणि घरचे सगळे मागून. आईचा नियमच होता, "छत्रीच्या मागे राहायचं. छत्री दिसतेय तोवर कुणी हरवत नाही."

केवढा तो मान! पण पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि मी दाराआड गेले. खटका गंजला. एक काडी मोडून नाकासारखी बाहेर आली. म्हणून त्या दिवशी, शहराचा जुना भाग बघायला निघताना, बाबांनी मला उचललं तेव्हा मी हरखूनच गेले. आत्या मात्र म्हणाली, "दादा, हे भूत कशाला? आधी उघडत नाही, उघडलं की मिटत नाही. अगदी तुझं तोंड!"

सगळे हसले. त्या दिवशीचं मनमोकळं हसणं तेवढंच.

जुन्या भागातल्या गल्ल्या दगडी आणि इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर भिंतीला पाल होऊन चिकटावं लागे. घंटेच्या मनोऱ्यापाशी एका कमानीवर कोरलेला प्राणी दिसला आणि झालं! बाबा म्हणाले, "सिंह आहे." आत्या म्हणाली, "शेपूट बघ, कुत्रा आहे." आई भांडण सोडवायला मध्ये पडली. बाबांना फोटो काढायला दोन्ही हात हवे होते.

"धर गं भिंगरी जरा," म्हणत त्यांनी मला धाकट्या लेकीच्या हातात दिलं.

मित्रांनो, भिंगरीने नियम अगदी बरोबर पाळला हो! छत्री ज्याच्या हातात, तो पुढे. तिने मला उंच धरलं, बाबांसारखा घसा खाकरला आणि निघाली. बाबा कधी मागे वळून बघत नाहीत. मग ती कशाला बघेल?

"हा बघा जुना दरवाजा," ती मोठ्याने सांगू लागली. "इथे राजा चपला काढायचा."

मला मागचं सगळं दिसत होतं. मागे कुणीच नव्हतं!

एक वळण, मग दुसरं. गल्ली रिकामी होत गेली. ओरडावं तर तोंड नाही, तिला धरावं तर हात नाही. आणि ती मजेत! छत्री हातात असताना हरवणार कसं?

मग आला तो पडक्या वाड्याचा दरवाजा. आत मिट्ट काळोख. आडवी दोरी बांधलेली, पण ती मोठ्यांच्या कमरेइतकी. भिंगरी खालून सहज वाकून जाणार. आतला जिना अर्ध्यातच तुटला होता, खाली नुसतं भगदाड.

"आता आपण खाली जायचं," ती म्हणाली आणि वाकली.

माझी मोडकी काडी दोरीत अडकली. भिंगरीने हिसका दिला. दुसरा दिला. आणि इतकी वर्षं रुसलेला खटका सुटला. फट्‌! मी त्या दारात उघडले आणि दोन्ही बाजूंना गच्च अडकले. तिने ओढलं, ढकललं. मी काही मिटेना.

"बाबा, हिला मिटवा ना," म्हणून ती वळली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"बाबा हरवले," ती पुटपुटली. "आईपण. आत्यापण." तिचा ओठ वाकडा झाला. माझ्या मुठीवरचा तिचा हात घामाने निसटत होता. पण मला सोडून ती कुठेही गेली नाही. नियम होता ना! ती माझ्याखाली बसली आणि आम्ही दोघी घाबरून वाट बघू लागलो. कुठेतरी लांब कुणीतरी हाक मारत होतं, की वाराच होता?

"पिवळं! दादा, ते बघ पिवळं!"

आत्याचा आवाज! शोधायला ती मनोऱ्यावर चढली होती. मला भूत म्हणणाऱ्या आत्यालाच मी आधी दिसले. मग धावणारी पावलं, आई, आईची मिठी, पाठीत एक धपाटा, पुन्हा मिठी. बाबांनी दोरीपलीकडे डोकावून पाहिलं आणि मटकन खालीच बसले.

भिंगरी हुंदके देत म्हणाली, "कुठे होता तुम्ही? छत्रीच्या मागे राहायचं असतं ना!"

बाबांनी दोन्ही कान पकडले.

मित्रांनो, आमच्या खटक्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडा. गंजाने एकदा वाचवलं म्हणून दर वेळी वाचवेल, असं मी तरी सांगणार नाही. आणि तुमच्या हातात छत्री आली, तर वळणावर मागे बघा.

आता बाबा बघतात. दर वळणावर थांबतात, मान वळवतात. आणि मागून भिंगरी ऐटीत सांगते, "आहे मी. चला पुढे!"