रत्नव्वाची तबकडी

पार्सल आलं तेव्हा गुरुपादअण्णा दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच ठेवून ते दाराकडं धावले. पंचाहत्तरीचा माणूस असा धावतोय हे बघून सून अस्मिताला हसू आवरेना.

पार्सल जर्मनीहून आलं होतं. तरुणपणी गुळाची अडत सोडून अण्णांनी मुंबईत गाण्यांची एक तबकडी काढली होती. देवीच्या गाण्यांत वाजतं त्या चौंडक्याला इलेक्ट्रिक गिटारची साथ आणि मधेमधे पाण्याखालून आल्यासारखे आवाज. कोल्हापुरात तिला कुत्रंही विचारत नव्हतं. आता पन्नास वर्षांनी परदेशातल्या लोकांना तिचं वेड लागलं आणि तिथल्या एका कंपनीनं ती पुन्हा व्हायनलवर काढली. कंपनीकडून पुण्याची स्नेहल येऊन बोलून गेली होती. 'सायकेडेलिक फोक' असं काहीतरी म्हणाली. म्हणजे काय, तर ऐकताना डोकं गरगरतं ते.

"मग बराबर हाय," अण्णा म्हणाले होते. "आमच्या वडलांचं लई गरगरलंतं."

पण अण्णांना या कौतुकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं फक्त शेवटचं गाणं. ते त्यांच्या बायकोनं, रत्नव्वानं गायलं होतं. शेटे घराण्याची सून गिटारवाल्यांत गाते म्हणून घरातल्या थोरल्यांनी तिचं नावसुद्धा कव्हरवर येऊ दिलं नाही, आणि अण्णा मान खाली घालून गप्प बसले. त्यानंतर ती कधी गायली नाही. तिला जाऊन दहाएक वर्षं झाली होती. अलीकडे तिचा चेहरा आठवायचा, भाकरी थापतानाचे हात आठवायचे, पण आवाज काही केल्या आठवत नव्हता. या एका गोष्टीनं म्हातारा आतून पोखरून निघाला होता.

मुलानं आणलेल्या नव्या प्लेअरवर सुई टेकली. अण्णांना स्वतःचा आवाज ऐकू आला, पोरसवदा आणि आगाऊ. 'गप रे जरा' असं त्याला म्हणावंसं वाटलं. तबकडी उलटली. एकेक गाणं संपत गेलं. शेवटच्याच्या आधीचं संपलं आणि सुई खरखरत मधल्या लेबलाशी जाऊन थांबली.

अण्णांनी स्नेहलला फोन लावला.

"अण्णा, मूळ टेप तर कधीच पुसल्या गेल्यात," ती म्हणाली. "आम्हाला जगात एकच प्रत मिळाली, तीही मधल्या लेबलाजवळ वितळलेली. शेवटचं गाणं निघालंच नाही. तुमच्याकडं प्रत आहे का, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं."

"इचारलंतं, व्हय."

"कुणाकडं असेल तर अजून सांगा. कितीही खराब असू दे, आम्ही साफ करून घेऊ."

प्रत होती की. अगदी कोरी करकरीत, मूळ पाकिटातली. रत्नव्वा गेली तेव्हा लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला बसवून पुरलं. कपाळावर विभूती, तळहातावर इष्टलिंग. तेव्हा अण्णांनी ती तबकडी तिच्या मांडीवर ठेवली. स्वामींनी भुवया उंचावल्या, तसे अण्णा मोठ्यानं म्हणाले, "तिचं हाय, तिला घिऊन जाऊ दे. आमी कधी दिलं न्हाई." भोवतालची माणसं रडली. अण्णांना त्या दुःखातही स्वतःचा थोडा अभिमान वाटला होता. आधी ती कॅसेटवर उतरवून घ्यावी, एवढी साधी अक्कल कुणालाच सुचली नाही. स्नेहलनं विचारलं तेव्हा कंपनीकडं सगळी गाणी असणारच असं समजून ते नाही म्हणून गेले.

"अण्णा? आहे का कुणाकडं?"

तसली तबकडी मातीत कुजत नाही, हे अण्णांना ठाऊक होतं. तिला पुरलं ती रुद्रभूमी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. खणायला एक गडी लावला की झालं. हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आयुष्यभरात तिला दिलेली ती एकच वस्तू, तीही आता तिच्या हाडांवरून उचलून आणायची.

"न्हाई," ते म्हणाले. "कुणाकडं न्हाई."

त्यांनी फोन ठेवला. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. अस्मिता ओला टॉवेल घेऊन आली.

"अस्मिता, तुझ्या सासूचा आवाज कसा हुता गं?"

अस्मितानं टॉवेल त्यांच्या हातात दिला.

"मी लगीन होऊन आले तवा त्या नव्हत्याच की, मामा."