दीपगृह आणि दोन डाव्या बाह्या

मी कोट शिवते. तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाने दारातून पाऊल आत टाकलं की त्याचा कुठला खांदा उतरता आहे हे मी टेप न लावता सांगते, आणि असं मला सांगता येतं हेही सगळ्यांना सांगायची मला खोड आहे. म्हणून पुढे जे झालं ते माझ्याच तोंडून ऐका. दुकानात काज-बटणं करणाऱ्या काकू तिखटमीठ लावून सांगतात.

माझी धाकटी बहीण चिमी दुसऱ्या शहरात असते. सोफ्यांना कव्हरं घालायचं तिचं दुकान आहे. गेल्या वर्षी तिने मला कॉम्प्युटरवर एका गेमची चटक लावली. दोघींचं मिळून एक बेट, त्यावर घरं, बंदर आणि एक दीपगृह. आम्ही दोघी कानाला हेडफोन लावून खेळायचो आणि खेळता खेळता आईवडिलांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायचो. तिथपर्यंत ठीक होतं.

मग त्या गेमवाल्यांनी स्पर्धा काढली. शनिवारी सकाळी नऊ ते रविवारी रात्री नऊ, छत्तीस तास दीपगृह तेवत ठेवायचं. दर पंधरा मिनिटांनी तेल घालायचं. चुकलं की दिवा विझणार, जहाजं खडकावर आपटणार आणि जोडी बाद.

चिमीने चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या. "माझ्या पाळीत तू झोपायचंस, ताई. खरंखुरं झोपायचंस."

"झोपेन की," मी म्हणाले.

झोपले नाही. चिमीने लहानपणी सात वेळा दूध उतू घालवलं होतं, मोजलंय मी. अशा बाईच्या हाती दीपगृह सोपवून डोळा लागणार कसा? तिच्या पाळीत मी हेडफोन काढून ठेवायची आणि पडद्यासमोर तशीच बसून राहायची, बाई वेळेवर तेल घालते की नाही ते बघत. घालत होती. दर वेळी, अगदी ठोक्याला. त्याचा मला थोडा रागही येत होता.

शनिवारची रात्र मजेत गेली. मला वाटलं, झोप ही उगाच लोकांनी लावून घेतलेली सवय आहे. पहाटे साडेतीनला थंडी वाजायला लागली, म्हणून मी पायात ह्यांचे मोजे घातले आणि बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. उजाडल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. रविवारी दुपारी हे चहा घेऊन आले, तर मला त्यांच्या डोक्यावर तेलाची पातळी दाखवणारी पिवळी पट्टी दिसली. निम्म्याच्या खाली होती.

"तुम्ही जेवलात का?" मी घाबरून विचारलं.

"मघाशी आपण दोघांनी बरोबरच जेवण केलं," हे म्हणाले.

त्यानंतर मी त्यांच्यावर ओरडले, ते उजेडात उभे राहिले म्हणून. मग ओरडले म्हणून रडले. मग कशासाठी रडतेय ते विसरले आणि तेल घातलं.

शेवटची पाळी माझी होती. नऊला पंचवीस मिनिटं कमी असताना मी डोळे उघडे ठेवून झोपले. चिमी सोबत म्हणून हेडफोनवर होती. ती सतरा वेळा "ताई, तेल" म्हणाली म्हणे, आणि मी सतराही वेळा "हो, घालते" म्हणाले म्हणे. मी जागी झाले तेव्हा पडद्यावरचा दिवा विझला होता आणि खडकांवर अकरा जहाजं आडवी झाली होती.

"तू माझ्या पाळ्यांमध्ये झोपली नाहीस ना?" चिमीने विचारलं.

मी पायातले मोजे वर ओढून घेतले.

"म्हणजे चाळीस वर्षं झाली तरी माझ्यावर भरवसा नाही." एवढं बोलून तिने बोलणं तोडलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मेली झोपही रुसली. डोळे मिटले की आत तो दिवा गरागरा फिरायचा.

सोमवारी मला वाचनालयाच्या ग्रंथपालांचा कोट बेतायचा होता. बुधवारी ते निवृत्त होणार होते. आयुष्यातला पहिला कोट म्हणून त्यांनी स्वतः गडद हिरवं लोकरी कापड आणलं होतं, एका अंगाला मऊ लव असलेलं. कापड बेताचंच होतं, म्हणून घडी न घालता एकेरी कापावं लागणार होतं.

"आज राहू दे गं," काकू म्हणाल्या. "तुझा खडू बघ कसा नाचतोय."

"तीस वर्षं कोट शिवतेय मी," मी म्हणाले. हे वाक्य मी चूक करण्याच्या आधी हमखास म्हणते.

एकेरी कापताना बाहीचा साचा एकदा सुलटा ठेवायचा आणि एकदा उलटा. मी दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. दुपारी काकूंनी बाह्या अंगाला लावून बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि शांतपणे विचारलं, "ह्यांना दोन डावे हात आहेत का गं?"

लव एकाच अंगाला, त्यामुळे बाही उलटवूनही चालणार नव्हती. आणि पाचला ग्रंथपालसाहेब स्वतः दारात हजर, कोट अंगावर घालून बघायला. मी म्हणाले, "कापडात दोष निघाला." काकू इतक्या जोरात खोकल्या, की ते त्यांना पाणी आणायला धावले. ते पाणी घेऊन परत येईपर्यंत मला माझीच लाज वाटली.

"दोष माझ्यात आहे, साहेब," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. दीपगृह, तेल, अकरा जहाजं.

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी कापडावरून हात फिरवला. "मी ह्या कोटासाठी चार दुकानं फिरलो होतो," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना म्हणाले, "बुधवारी चारला कार्यक्रम आहे. जमेल ते बघा."

मी चिमीला फोन लावला. सातव्या रिंगला तिने उचलला.

"मी चुकले," मी म्हणाले. "आणि मला दोन डाव्या बाह्यांतली एक उजवी करायची आहे."

पलीकडून ती हसतेय की काय असा आवाज आला. "जादाची बाही आणि उरलेले तुकडे टेबलावर मांड आणि फोटो पाठव," ती म्हणाली. जोड लपवणं हा तिचा धंदाच आहे. अर्ध्या तासाने तिचा फोन आला: बाहीचा पुढचा भाग एकसंध निघेल, मागचा दोन तुकड्यांचा कर, जोड बरोबर कोपरावर घे आणि त्यावर चामड्याचं ठिगळ लाव. दोन्ही कोपरांना लाव, म्हणजे हौस वाटेल. "आणि कात्री काकूंच्या हातात दे. तू झोप. मी मध्ये मध्ये उठून बघणार नाहीये, भरवसा आहे माझा."

टोमणा बरोबर लागला. मी कात्री काकूंना दिली. घरी जाऊन अकरा तास झोपले. मंगळवारी हात स्थिर होते. मी आणि काकूंनी दिवसभर बसून कोट पुरा केला.

बुधवारी साहेबांनी कोट घातला, कोपर वळवून आरशात पाहिलं आणि म्हणाले, "ग्रंथपाल वाटत नाही मी. प्राध्यापक वाटतो." काकूंनी त्यांच्यादेखत माझ्याकडे बघून एक भुवई उंच केली. मी मान खाली घालून त्यांच्या बाहीवरचा नसलेला दोरा काढला.

झोपेचं गणित मात्र आठवडाभर जमलं नाही. शुक्रवारी भरदुपारी मी इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच. जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं, अंगावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला ओव्हरकोट होता आणि काकू घरी गेल्या होत्या. बाहेर पायरीवर दिव्याखाली हे पेपर वाचत बसले होते. दाराला त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता: 'माप घेणं चालू आहे. वाजवू नये.'