खडू कुरतडणारा उंदीर

दोघी जावा मिळून शिवणकामाचं दुकान चालवत. थोरली कापड बेतायची, धाकटी मशीनवर बसायची. दुकान पहिल्या मजल्यावर होतं आणि जिना इतका उभा, की गिऱ्हाईक वर पोचल्यावर आधी स्टुलावर बसायचं नि मग बोलायचं.

थोरलीची जीभ तिच्या कात्रीहून धारदार, अशी तिची ख्याती. पण गेल्या वर्षभरात ती धार बोथट झाली होती. बाही वाकडी लागली तरी ती नुसतं "असू दे" म्हणायची. दुपारी बेतायच्या टेबलावरच हात उशाला घेऊन पडायची. घरचे म्हणाले, वय झालं, बाई निवळली. धाकटीनं तर सुटकेचा निःश्वास टाकला होता.

त्याच वर्षात दुकानातले खडू नाहीसे होऊ लागले. कापडावर खुणा करायचे चपटे खडू, आणलेली पेटी पंधरा दिवसही पुरेना.

"उंदीर असेल," थोरली म्हणाली.

धाकटीनं पिंजरा लावला, कपाट रिकामं करून झाडलं, कोपऱ्यातलं भोक बुजवलं. पिंजऱ्यात काही सापडलं नाही आणि खडू मात्र संपतच राहिले.

अशात एक दिवस औषधवाला आला. पन्नाशीचा, बोलका, हातात बाटल्यांची पेटी. त्याला आतून सहा खिसे असलेला कोट हवा होता, म्हणजे पेटी न उचलता बाटल्या अंगावर बाळगता येतील. थोरली त्याचं माप घेत होती आणि त्याची टकळी चालू होती.

"रक्तवाढीचं टॉनिक आहे, बाई. बाटलीवर सगळं लिहिलंय. मला तर तोंडपाठ आहे. चेहरा पांढराफटक पडणे, नखं ठिसूळ होणे, जिना चढताना धाप लागणे, दिवसाढवळ्या डोळ्यांवर झापड येणे, कशात मन न लागणे. आणि न खायच्या वस्तू खाव्याशा वाटणे. माती, कोळसा, खडू..."

थोरलीच्या हातातला टेप थांबला.

धाकटीनं मशीनवरून मान वर केली. जावेच्या खालच्या ओठाला पांढरी भुकटी लागलेली होती. ती रोज तिथेच असायची, पण बेतकाम करणाऱ्या बाईच्या तोंडाला खडू लागायचाच, म्हणून धाकटीनं कधी लक्ष दिलं नव्हतं.

औषधवाला गेल्यावर ती म्हणाली, "जाऊबाई, उंदीर मिळाला म्हणायचा."

थोरली आधी रागावली, मग टेबलाच्या कडेला टेकली. "खावासा वाटतो गं," ती हळूच म्हणाली. "पावसानं भिजल्या भिंतीचा वास आल्यासारखं होतं. हात आपोआप जातो. लोक काय म्हणतील, म्हणून बोलले नाही."

"आपण दवाखान्यात जाऊ."

"काही नको. डॉक्टर सतरा गोष्टी विचारतात."

दुसऱ्या दिवशी कात्र्यांच्या खणात टॉनिकची बाटली दिसली. चवीला गोडमिट्ट, काकवीसारखी. चार दिवस थोरली मोठ्या हुरूपानं चमचे मोजून घेत राहिली. पण पाचव्या दिवशी ती पुन्हा टेबलावर आडवी झाली, आणि नवी पेटी तीन खडूंनी हलकी झाली होती.

आठवड्यानं औषधवाला कोटाच्या ट्रायलला आला. म्हणजे येत होता. अर्ध्या जिन्यात पायऱ्यांवर बसलेला धाकटीला दिसला. कपाळाला घाम, तोंडाचा आ वासलेला. तिनं त्याला हाताला धरून वर आणलं, पाणी दिलं.

थोरलीनं कोट त्याच्या अंगावर चढवला, टाचण्या लावल्या आणि त्याचा हात उलटा करून नखं पाहिली. चमच्यासारखी खोलगट.

"तुम्ही घेता का हो हे टॉनिक?"

"दिवसातून तीनदा. दोन वर्षं झाली."

"आणि धाप कधीपासून लागते?"

औषधवाल्यानं हिशेब केला आणि त्याचा चेहरा पडला. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं काहीतरी धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्याकडे पाहून तिनं ते गिळलं, दुकानाला कुलूप घातलं आणि दोघांना पुढे घालून दवाखान्यात निघाली. एकटीला नेलं असतं तर थोरली वाटेतूनच परतली असती. पण आपल्याहून जास्त घाबरलेला माणूस सोबत असल्यावर तिला मागे फिरता येईना. उलट तीच त्याला धीर देत चालली.

दोघांचं रक्त तपासलं. थोरलीचं हिमोग्लोबिन सात, औषधवाल्याचं साडेसात. डॉक्टरबाईंनी बाटलीवरचं सगळं शांतपणे वाचलं.

"लक्षणं अगदी बिनचूक लिहिली आहेत," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं औषधाकडेही एवढंच लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं. यात साखर आणि रंग आहे, लोह नावाला."

औषधवाल्याच्या पोटात जंत निघाले. थोरलीला आत नेऊन डॉक्टरबाईंनी खरंच सतरा गोष्टी विचारल्या. पाळीच्या वेळी आठ-आठ दिवस अतोनात रक्त जात होतं. तीन वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर धाकटीचे डोळे भरले. "मी तुमच्यापासून चार हातांवर बसते, जाऊबाई."

"तू मशीनकडे बघत होतीस. तेच तुझं काम," थोरली म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली.

पाळीवर उपचार झाले. लोहाच्या गोळ्या, मसूर, पालक आणि चहा जेवणानंतर दोन तासांनी, हे सगळं धाकटीनं हट्टानं चालवलं. दीड महिन्यात खडूची पेटी जशीच्या तशी राहू लागली. तिसऱ्या महिन्यात थोरलीनं एका सकाळी सदऱ्याची कॉलर उचलून पाहिली आणि म्हणाली, "हे काय शिवलंयस? उसव. शिवण आहे की सापाची वाट?"

धाकटीनं निमूटपणे उसवायला घेतलं. मात्र तिला हसू आवरेना, आणि ते पाहून थोरली आणखीच बोलली.

औषधवाल्यानं टॉनिक सोडलं. आता तो बटणं, अस्तर आणि दोऱ्याची रिळं विकतो. सहा खिसे या मालालाही पुरत नाहीत. त्याच्याकडूनच खबर आली, की बँडवाल्यांना बावीस नवे कोट हवेत, सोनेरी किनारीचे. मागच्या वर्षी थोरलीनं ऐकूनच हात झटकले असते. या वेळी तिनं टेप गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "चल, मापं घ्यायला आपणच जाऊ. त्यांना इथे बोलावलं तर ढोलासकट येतील."

दोघी निघाल्या. ढोलवाल्याच्या पोटाला टेप पुरला नाही, तेव्हा थोरलीनं धाकटीचाही टेप मागून घेतला.