बरोबरीचा हक्क

शुक्रवारी व्हर्न जॅब्लॉन्स्की नेहमीच्या हॉटेलात नेहमीपेक्षा लवकर येऊन बसला. मिल्वॉकीत शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खाल्ला नाही, तर माणूस आजारी आहे असं समजतात. पण आज मासा नुसतं निमित्त होता. त्याच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. 'अर्लीन, तू जाऊ नकोस.' गाडीत आरशाकडे बघून म्हटलं तेव्हा ते पोलिसाच्या दरडावणीसारखं वाटलं होतं. मग खिडकीबाहेर बघून म्हटलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

अर्लीनच्या मुलीने तिकडे दूर वाळवंटात, टूसॉनला, घरामागे आईसाठी खोली बांधली होती. 'ये' म्हणून वसंतातच फोन आला होता. अर्लीन 'बघते' म्हणाली होती, आणि काय बघितलं ते आज जेवताना सांगणार होती. तिचा नवरा हॉलिस गेल्यापासून गावच्या बास्केटबॉल टीमच्या प्रत्येक मॅचला तिला व्हर्नच नेई. तिची बसायची उशी काखेत मारून पायऱ्या चढे, आणि मध्यंतरात पॉपकॉर्नमधले करपलेले दाणे वेचून तिच्या हातावर ठेवी. तिला करपलेलेच आवडत. एवढं करणारा माणूस वसंतात का बोलला नाही? तर त्यामागे त्याचा हिशेब होता. आधी मुलगी काय देते ते कळू दे. आपली बोली आपणच पहिली कशाला लावायची? समोरचं कळलं की आपण बरोबरी करू. हे शहाणपण त्याने टीमच्या मॅनेजरांकडून उचललं होतं. बातम्यांत दुसरं काही तो वाचतच नसे.

कर्टिस आला तो दारातूनच ओरडत. "केली! आपल्या टिब्सने केली सही टेक्सासवाल्यांच्या कागदावर!"

त्याच्यामागून त्याची बायको नॅडीन आली. हिवाळ्यात लग्न झालं तोवर तिने बास्केटबॉल कधी बघितला नव्हता. "म्हणजे गेला का तो?"

"गेला कसला? तो मोकळा आहे, पण दाव्यासकट मोकळा. टेक्सासने जी बोली लावली तेवढीच आपण लावली, तर तो आपलाच. उद्या रात्रीपर्यंत मुदत आहे."

"आणि त्याला राहायचं नसेल तर?"

"त्याला कोण विचारतंय!"

"वा," नॅडीन म्हणाली. "म्हणजे माझ्या माहेरच्यासारखंच. तिथेही मला कुणी विचारत नसे."

"पण हा हक्क टीमला फुकट मिळत नाही हं," कर्टिस मास्तरकीवर आला. "जून संपायच्या आत त्याच्यापुढे निदान एका वर्षाचा करार ठेवावा लागतो. तो ठेवला नाही, की दावं तुटलं. मग पोरगा वारा प्यालेलं वासरू. मी त्याच्या जागी असतो ना, तर तो एका वर्षाचाच घेतला असता. पैसा कमी, पण पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या बापाला बांधील नाही."

"आणि त्या वर्षात गुडघा मोडला तर?"

कर्टिसने घास तोंडाशीच थांबवला. "व्हर्न, ऐकलंस? ही बाई शिकली. आता हिच्याबरोबर मॅच बघायची सोय राहिली नाही."

तेवढ्यात अर्लीन आली. केस कापून परस्पर आली होती, मान उघडी पडली होती. व्हर्नने तिच्यासाठी खुर्ची ओढली. तिचं गोड ब्रँडीचं पेय आधीच मागवून ठेवलेलं होतं, चेरी दोन.

"काय ठरलं मग?" तिने विचारलं. ती टिब्सबद्दल बोलत होती.

"ठेवायचा," व्हर्न म्हणाला. "यात बोलायचं काय? पोरगा आपल्याकडे वाढला. पहिल्या वर्षी त्याला चेंडू धरता येत नव्हता."

"तू सगळ्यांनाच ठेवतोस," कर्टिस म्हणाला. "तो लंगडा, सेंटरच्या जागी खेळायचा, त्यालाही ठेव म्हणालास. तुझ्या हाती टीम दिली तर बाकावर म्हातारे मावायचे नाहीत."

"मावतील. तुला वाढायला ठेवू."

अर्लीन हसली नाही. राय ब्रेडवर लोणी लावत राहिली. "मागच्या शरदात त्याला लांबचा करार देता येत होता," ती म्हणाली. "दिला नाही. का? तर बाजार काय म्हणतो ते बघू. पोरगा वर्षभर जीव तोडून खेळला, आणि हे बघत बसले. आता दुसऱ्याने हात धरला तेव्हा यांना पान्हा फुटला. बरोबरी करतील, अगदी पै न् पै. पण हवा होता, तर आधी सांगायला काय झालं होतं?"

"धंदा आहे तो, अर्लीन," व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "आधी बोललं तर माणूस उघडा पडतो."

"हो ना. पडतो."

"चला, मत," कर्टिसने टेबलावर थाप मारली. ही रीत हॉलिसची. ग्लासाखालचा पुठ्ठा छापील बाजूने वर ठेवला तर 'ठेवा', कोऱ्या बाजूने ठेवला तर 'जाऊ द्या'. कर्टिसने छापील ठेवला, व्हर्नने अर्थातच छापील. नॅडीनने नवऱ्याचा बघून मुद्दाम कोरा ठेवला.

अर्लीनने आपला पुठ्ठा कोऱ्या बाजूने ठेवला आणि त्यावर बोट टेकवून म्हणाली, "मी मंगळवारी मुलीला हो म्हटलं. महिनाअखेर जाते."

नॅडीनने उठून तिला मिठी मारली. "टूसॉनला टीमसुद्धा नाही, बये!" असं कर्टिस उगाच मोठ्याने म्हणाला. व्हर्नने बटाट्याच्या धिरड्यावर सफरचंदाचा गर वाढून घेतला. मग परत वाढून घेतला. खाल्लं काहीच नाही.

बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. जुलैत तिथला सूर्य लवकर जायचं नाव घेत नाही. तिला घरी सोडायला व्हर्नने आपल्या गाडीचं तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि धरूनच उभा राहिला.

"अर्लीन, मी बरोबरी करतो."

"कसली?"

"मुलीची. खोली माझ्याकडेही आहे. मागे नाही, पुढेच आहे, तळ्याकडे तोंड करून. तू जाऊ नकोस."

ती हसली, आणि मग तो हसत नाही हे तिला दिसलं. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"जून संपला रे, व्हर्न."

"म्हणजे?"

"मी ओसरीवर दुसरी खुर्ची आणली होती. तू विचारलंस, ही कुणाची? मी म्हटलं, बस की. तू बसलास, टिब्सच्या फ्री थ्रोबद्दल बोललास आणि घरी गेलास. मला लांबचा करार नको होता. एका वर्षाचा तरी ठेवायचास पुढ्यात. 'पुढच्या सीझनला आहेस ना?' एवढंसुद्धा कधी विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तू असणारच."

"तेच तर."

"आणि वसंतात विचारलं असतं तर?"

अर्लीनने रस्त्याकडे पाहिलं. "तर मी मुलीला नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुला खोटं कशाला सांगू? पण आता नात शाळेतून आली की मी घरी असणार, असं कबूल केलंय तिला. तिने भिंतीचा रंगसुद्धा निवडला माझ्या."

व्हर्नला काहीतरी म्हणायचं होतं, पण हॉटेलचं मागचं दार धाडकन उघडलं आणि कर्टिस फोन नाचवत बाहेर आला.

"ठेवला! आत्ताच बातमी आली! बरोबरी केली आपण! व्हर्न, जिंकलास गड्या!"

"बिचारा पोरगा," अर्लीन म्हणाली, आणि गाडीत बसली.

घरापर्यंत दोघं टिब्सबद्दल बोलले. डाव्या हाताने त्याला अजूनही जमत नाही यावर एकमत झालं. तिच्या दाराशी व्हर्नने सवयीने मागच्या सीटवरची उशी उचलून पुढे केली. मॅच नव्हती, कितीतरी महिन्यांत नव्हती. पण उशी गाडीतच असे.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्या जागेवर कुणाला बसवशील?"

"कुणालाच नाही."

"वेडा आहेस. नॅडीनला दे. शिकतेय ती." तिने त्याच्या गालावर हात ठेवला, जरा वेळ. मग आत गेली.

ती आत गेली की स्वयंपाकघरातला दिवा लागेपर्यंत थांबायचं, ही त्याची सवय. आज उजेड होता, दिवा लागायचं कारण नव्हतं. व्हर्न उशी मांडीवर घेऊन बराच वेळ वाट बघत बसला.