न धुतलेला शर्ट

आमच्या सिनेमात सैनिक दहा दिवसांच्या सुट्टीवर घरी येतो, शेजारच्या शिक्षिकेच्या प्रेमात पडतो, लढाईवर जातो आणि शेवटी सुखरूप परततो. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघायचा, म्हणून रक्त नाही, शिवी नाही. कपडेपट माझ्याकडे. मी कोरा करकरीत गणवेश शिवून दिला, तर दिग्दर्शक म्हणाला की हिरो सैनिक कमी आणि बँडवाला जास्त दिसतोय. शेवटच्या प्रसंगाला त्याला खरा, वापरलेला शर्ट हवा होता.

तसा शर्ट आमच्या घरात होता. सैन्यात असलेल्या माझ्या भावाचा. शेवटच्या सुट्टीत तो अंगातला शर्ट काढून खुर्चीवर टाकून सीमेवर गेला, आणि तिथे बेपत्ता झाला त्याला आता दोन वर्षं झाली. वहिनीने तो शर्ट धुतला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवला. फारच असह्य झालं की गाठ सोडायची, कॉलरला नाक लावायची, पुन्हा गाठ. वास आहे तोवर माणूस आहे, असं तिचं गणित.

मागायला जीभ रेटत नव्हती, तरी मागितला. वहिनीने पिशवी आणून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "सिनेमात तरी तो घरी पोचतो ना? मग ने. फक्त पाणी लावू नकोस."

मी गळ्याशपथ हो म्हटलं.

शूटिंग झकास झालं. हिरो दारात उभा राहिला तेव्हा दिवे धरणारेसुद्धा डोळे पुसत होते. संध्याकाळी मी त्याच्या अंगावरून उतरलेले कपडे घेतले, खिसे उलटे केले आणि मशीनमध्ये टाकले. आमच्याकडे उतरलेला कपडा तसाच ठेवायचा नाही, हा नियम. आणि तो सोळा वर्षांपूर्वी मीच केलेला. यावरून मी हाताखालच्या किती पोरींना झापलंय. काचेआड फेसात ती बाही फिरताना दिसली आणि मी बटणावर झडप घातली. मशीन बंद करून दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी जाताना ढीगभर थापा जुळवल्या. दारात एकही तोंडातून निघेना. वहिनीने दमट शर्ट हातात घेतला. कॉलर नाकाशी धरली, मग काख, मग बाहीची आतली बाजू. वस्तू हरवली की आपण तोच खण पुन्हा पुन्हा उघडून बघतो, तसं. मी रडत होते, ती नाही.

"सवयीने झालं गं वहिनी. माझं लक्षच नव्हतं."

"कळलं मला," ती म्हणाली. "दोन वर्षं सगळ्यांशी भांडत होते, तो येणार म्हणून. आज पहिल्यांदा वाटतंय, नाही येणार."

येईल गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द फुटला नाही, कारण मलाही आता तसंच वाटत होतं.