भट्टीवरची सहल

“मॅडमचं बोलणं झालं की तुझा नंबर, सयाजी. भट्टीपुढे उभा राहा, टोपीवरचं कंपनीचं नाव दिसू दे,” कंपनीचे मॅनेजर विपुल साहेब मोबाइल रोखत म्हणाले.

सयाजी उभा राहिला. पोलादपूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी इंग्रजांनी कधीकाळी लोखंड गाळायची भट्टी घातली होती. तिचं पडकं धुराडं आणि पायाखाली कचकचणारा लोखंडाचा काळा मळ एवढंच आता उरलं होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीने आपल्या कामगारांना सुरक्षा सप्ताहाची सहल म्हणून इथे आणलं होतं. मागच्या महिन्यात रिअॅक्टर फुटून श्रीपत गेला, आणि लगेच कंपनीला सुरक्षेचा असा उमाळा आला की टोप्या काय, वडापाव काय, विचारू नका.

सयाजीने काय बोलायचं ते साहेबांनी बसमध्येच पढवलं होतं. श्रीपत व्हॉल्व बंद न करता जागा सोडून पळाला, म्हणून घात झाला. सयाजी तेव्हा त्याच्या शेजारीच होता. त्याच्या तोंडून हे एकदा आलं की चौकशीवाल्यांपुढे कंपनी मोकळी, आणि सयाजी ठेकेदाराच्या तावडीतून सुटून परमनंट. रिअॅक्टरच्या सांध्यातलं गॅस्केट गळतंय म्हणून श्रीपतने आठवडाभर घसा कोरडा केला होता, ते मात्र बोलायचं नव्हतं. सयाजीने मान डोलावली होती. पदरात दोन पोरी असल्यावर माणूस मान डोलावतो.

पुण्याहून आलेली दिशा या जागेचा अभ्यास करत होती. ती सांगत होती, “एकदा ही भट्टी फुटली. आसपासच्या गावांतली किती माणसं भाजली याची कुठेच नोंद नाही. इथला गोरा साहेब एवढंच लिहून गेला, की कामगार भित्रे होते, ऐन वेळी काम टाकून पळाले.”

विपुल साहेबांना हसू आलं. “बघा. तेव्हापासून हेच चाललंय. पळणं रक्तातच आहे.”

दोघे-चौघे लाचारासारखे हसले. सयाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मॅडम, भट्टी फुटली तवा तो साहेब कुठं व्हता?”

“टेकडीवर, बंगल्यात,” दिशा म्हणाली.

“म्हंजी लांब.”

“हो, लांबच.”

“ते राहू दे,” विपुल साहेब मध्येच म्हणाले. “रेकॉर्डिंग चालू केलंय. बोल.”

“श्रीपत पळाला,” सयाजी म्हणाला. साहेबांनी समाधानाने मान हलवली. “मी पन पळालो. म्हणून हितं उभा हाय. मी दाराशी पोचलो, तो पोचला नाय, फरक तेवढाच. गॅस्केट गळतंय म्हणून तो तुमच्या केबिनमदी सांगाया आला, तवा माल निघू दे, मग बघू, असं तुम्हीच बोललात. उकळतं अंगावर येताना तो उभा राहिला असता, तर त्याचा पुतळा बांधनार व्हतात काय?”

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला.

“उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि बसमध्येही चढू नकोस.”

“बरं,” सयाजी म्हणाला आणि उमरठच्या रस्त्याला लागला.

उमरठला श्रीपतचं घर. कंपनीने पसरवलेली गोष्ट इथवर केव्हाच पोचली होती. पळपुट्याची बायको म्हणून पाणवठ्यावर कुजबुज व्हायची, तेव्हा उज्वला हंडा भरून मुकाट्याने घरी यायची. सयाजी आला तेव्हा ती अंगणात वाल पाखडत होती.

त्याने सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचंही. मग मान खाली घालून म्हणाला, “तो पळाला ते पन सांगितलं, वैनी. खोटं नाय बोलवलं.”

उज्वलाचे हात थांबले.

“कंच्या बाजूला पळत व्हते, भावोजी?”

“दाराकडं. भायेर.”

“मंग घराकडंच येत व्हते की,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाल पाखडायला लागली.